उन्हाचं वाण

मी आता जे सांगणार आहे ते तुमच्यापैकी एकीलाही खरं वाटणार नाही, आणि वाटलंच तर मला तुमची काळजी वाटेल. अमळनेरहून बचत गटाच्या चार शहाण्या बायका भर मे महिन्यात धुळ्याला येतात, अरुंद जिन्यानं गच्चीवर चढतात, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा एक म्हातारा त्यांना सांगतो की गेल्या जानेवारीत या घरानं त्याच्या आधीचा मे महिना डब्यातून काढला, बादलीत सोडला आणि अंगावर घेतला. अशा म्हाताऱ्याच्या डोक्यावर आधी ओला पंचा टाकावा. पण जरा थांबा. यातलं बहुतेक सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि जे पाहिलं नाही ते मला आतून माहीत आहे.

मी हिलाल बोरसे. एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचत या शहरात फिरलो. पुढं मीटर स्वतःच स्वतःला वाचायला लागले आणि मला घरी बसवलं. पण सवय जात नाही. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाकडं बाळंतीण आहे, कुठल्या घरात नवराबायको वेगवेगळ्या खोलीत पंखा लावून झोपतात, हे मला आकड्यावरून कळायचं. हे घर निकुंभ शिंप्यांचं. छत्रीखाली बसून काठीनं कावळ्यांशी भांडतेय ती भागामाय, वय एक्क्याण्णव. काचेखालच्या वड्या परतते आहे ती तिची सून द्वारकाबाई, वय सहासष्ट.

"नव्वद," भागामाय म्हणते. "आखाजीच्या सणाला नव्वद पुरी झाली."

बघा. मी सांगेन त्यातून थोडं थोडं वजा करत चला, म्हणजे हिशेब बरोबर बसेल.

दोघींचे नवरे गेलेत. भागामायचा बेचाळीस वर्षांपूर्वी, द्वारकाबाईचा नऊ वर्षांपूर्वी. द्वारकाबाई दोन शिलाई मशीनवर शाळेचे गणवेश शिवते, त्यावर घर चालतं. आणि घर चालतं म्हणजे काय, तर दोघी भांडतात. सकाळी सहाला सुरू होतात, नऊला चहाला थांबतात. द्वारकाबाई एकोणिसाव्या वर्षी या घरात आली तेव्हापासून हा कार्यक्रम एकही दिवस चुकलेला नाही.

आता विजेचं म्हणाल तर हल्ली दुपारची वीज फुकटाच्या भावात मिळते. सगळा खानदेश काळ्या पाट्यांनी झाकलाय, ऊन आहे तोवर वीज नुसती ओतून चाललेली असते. पण हिवाळ्यात पहाटे सहाला सूर्य कुठं असतो? आणि नेमकं तेव्हाच अख्खं शहर गरम पाणी मागतं. म्हणून थंडीत पहाटेचा भाव दुपारच्या सातपट. मीटर आगाऊ पैशांचा. पूर्वी पैसे संपले की अंधार व्हायचा. आता साठीपुढची माणसं असलेल्या घरात थंडीत वीज तोडत नाहीत; मीटर उण्यात जातो. आणि ज्या क्षणी उण्यात जातो, त्या क्षणी जामीनदाराच्या फोनवर घंटा वाजते. निकुंभांचा जामीनदार सुरतेला. भागामायचा धाकटा मुलगा, लोटन.

तुम्ही म्हणाल, मग अकराला आंघोळ करावी. द्वारकाबाईनं तसं सुचवून पाहिलं होतं. भागामाय म्हणाली, अकराला म्हशी डुंबतात. बरं, दुपारच्या स्वस्त विजेवर पाणी तापवून टाकीत झाकून ठेवावं, पहाटेपर्यंत राहतं गरम. ते तर तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. काल दुपारचं पाणी म्हणजे शिळं पाणी, आणि शिळ्या पाण्यानं न्हायलेल्या हातानं देवाला फूल वाहायचं नसतं. नळाचं ताजं पाणी, पहाटे सहाला, कढत. शिवाय सांजेपासून पाठीशी ऊब, कारण तिच्या छातीत थंडी बसते आणि मग होळीपर्यंत उठत नाही.

परवाच्या हिवाळ्यात थंडी अशी पडली की पांझरेच्या काठच्या बगळ्यांनी दुसरा पायसुद्धा पोटाशी घेतला होता.

मग ते उभे कशावर होते, असं या ताईंनी विचारलं. धुक्यावर, ताई. धुकं तेवढं घट्ट होतं.

त्या थंडीत निकुंभांचा मीटर जानेवारीच्या नऊ तारखेला उण्यात गेला आणि फेब्रुवारी उजाडला तरी वर आला नाही. द्वारकाबाईनं स्वतः गार पाण्यानं आंघोळ सुरू केली. कुणी विचारलं तर म्हणायची, मला गारच आवडतं. दोन स्वेटर घालून शिवायला बसायची आणि आखडलेल्या बोटांनी टाके चुकायचे, मग उसवायचे, मग पुन्हा वीज. शेवटी लोटन आला. माणूस वाईट नाही. त्यानं सगळं भरलं, कुणाला काही बोलून दाखवलं नाही. जाताना चहा पिता पिता एवढंच म्हणाला:

"वहिनी, पुढच्या थंडीत पुन्हा घंटा वाजली, तर मी आईला घेऊन जाईन. तुमची ही ओढाताण मला बघवत नाही."

यात चूक काय होतं सांगा. सुरतेला एकोणिसावा मजला, नळाला कढत पाणी, खोली आपोआप ऊबदार. फक्त तिथं भागामायशी भांडायला कुणी नव्हतं. लोटन आणि त्याची बायको दोघंही कामाला जाणारी, गोड बोलणारी. अशा ठिकाणी ही बाई महिनाभर टिकली नसती, आणि तिच्यामागं इथं द्वारकाबाई पंधरा दिवस. हे माझं वैद्यकीय मत आहे. त्या दिवशी दोघी सासवा-सुना एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. मी दारावरून दोनदा गेलो, तरी घरातून आवाज येईना.

आता शास्त्र. या वरच्या खोलीत तेव्हा डॉक्टर ऋता गरुड भाड्यानं राहायच्या. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. गल्लीत सगळे त्यांना गरुडबाई म्हणत. त्यांनी मला समजावलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगतो, यातलं काही वजा करू नका.

उष्णता साठवायची म्हणजे गरम वस्तू गुंडाळून ठेवायची, असं आपल्याला वाटतं. पण थर्मासातला चहा संध्याकाळपर्यंत निवतोच. उन्हाळ्यातला जानेवारीपर्यंत कुठून पुरणार? गरुडबाईंची युक्ती अशी की गरमपणा साठवायचाच नाही. कोरडेपणा साठवायचा. चुन्याच्या कळीवर पाणी टाकलं की ती फसफसून तापते, हे आपण पाहिलंय. कळी तर थंड होती, पाणीही थंड होतं, मग ऊब आली कुठून? ती भट्टीची. भट्टीनं चुन्यातलं जे काढून घेतलं, ते काढायला जेवढी आग लागली तेवढी कळीत उधार राहिली, आणि पाणी मिळताच कळीनं तिची परतफेड केली. चुन्याला भट्टी लागते. पण काही क्षार असे आहेत, की त्यांच्या अंगातलं पाणी काढायला धुळ्याची गच्ची आणि वर एक काच पुरते. असा क्षार वाळवून हवाबंद ठेवला की तो वर्षानुवर्षं थंडगार पडून राहतो. पाणी दाखवलं की अधाशासारखं पितो आणि घेतलेलं सगळं ऊन परत देतो.

ही गोष्ट जगाला शंभर वर्षं ठाऊक होती. अडचण एकच. क्षार दोन-चारदा भिजला की त्याचा चिखल होतो, मग तो नीट वाळत नाही. गरुडबाईंनी काय केलं, विटेच्या मातीत बाजरीचं तूस मिसळून भाजलं. तूस जळून गेलं, मातीत बारीक बारीक बिळं उरली, आणि त्या बिळांत क्षार बसवला. भिजो, वाळो, बीळ सोडून जात नाही. एक किलोची वडी, एक बादली पाणी. ही बघा, हातात घ्या. फरशीच्या तुकड्यासारखी दिसते. हिलाच आम्ही उनवडी म्हणतो.

वडी तयार झाली, पण ती वाळवता येईना. कॉलेजातल्या मुलांनी महिनाभर गच्चीवर वड्या मांडल्या. वरून खडखडीत, आत ओल. गरुडबाई रडकुंडीला आल्या. भागामाय कुरडया राखत इथंच बसली होती. तिनं एक वडी उचलली, नखानं टिचकी मारली, कानाशी नेली आणि म्हणाली, ही कच्ची आहे; तुमच्या पोरांनी भर दुपारी उघडी टाकली म्हणून हिनं वरून कातडं धरलं. पापड असो की माती असो, बारा ते तीन वर पातळ फडकं हवं, म्हणजे आतलं पाणी वाट काढत बाहेर येतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या वड्या टणटणीत. गरुडबाईंनी मोजमाप करून पाहिलं आणि त्यांच्या शोधाच्या निबंधात फडक्याचं एक अख्खं पान आहे. भागामायचं नावसुद्धा छापलंय, शपथ.

वडीची पहिली परीक्षा या गच्चीवर झाली. बाईंनी वडी झाकणाच्या डब्यात ठेवली, डबा बादलीत सोडला, डब्यात तांब्याभर पाणी ओतलं. अर्ध्या तासात बादलीत हात घालवेना. मी दुसऱ्या वडीवर एक वांगं ठेवलं होतं, त्याचं तिथल्या तिथं भरीत झालं.

"वांगं खाली शेगडीवर भाजलं होतं," द्वारकाबाई म्हणते.

ठीक आहे, वांगं वजा करा. पण खरी परीक्षा पुढंच होती. बादलीतलं पाणी ताजं, पण ऊन तर सहा-सात महिन्यांपूर्वीचं असणार. ते भागामायला चालणार का? म्हातारीनं वडीला पुन्हा टिचकी मारली, कानाशी नेली. मग म्हणाली:

"वाळवण शिळं होत नसतं."

झालं. त्या मे महिन्यात दोघींनी तीनशे वड्या वाळवल्या आणि तेलाच्या डब्यांत बंद करून, झाकणाला मेण लावून, जिन्याखाली रचल्या. गेल्या हिवाळ्यात रोज तीन वड्या. एकीवर भागामायची आंघोळ, आणि सांजेला दोन तिच्या खाटेखाली, पाण्याचा नुसता शिपका मारलेल्या. पुढं उरतंय असं दिसल्यावर द्वारकाबाईही अधूनमधून गरम पाणी घ्यायला लागली. मीटरचा आकडा गोगलगाईसारखा. मी रोज येऊन बघायचो, जुनी खोड. वापरलेली वडी पाणी पिऊन जड होते, ती पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वाळवायची. अशा वापरलेल्या वड्या परत डब्यांत भरून द्वारकाबाई गरुडबाई गेल्यावर रिकाम्या पडलेल्या वरच्या खोलीत नेऊन ठेवायची. हे लक्षात ठेवा. कोरड्या खाली, भिजलेल्या वर, आणि डबे एकसारखेच.

मग संक्रांत आली.

आमच्या गल्लीत तीन-चार वर्षांपासून नवरा असो नसो, सगळ्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावतात. भागामाय मात्र जात नव्हती. गेल्या संक्रांतीला बायका येऊन बसल्या, आजी, यंदा तुमच्याच घरी. ती दोन दिवस विचार करत होती. मग हो म्हणाली. बेचाळीस वर्षांत तिनं कुणाला वाण दिलं नव्हतं, लक्षात घ्या. या हातानं त्या हातात काही देऊन 'घे बाई' म्हणायचं, हे तिचं राहून गेलं होतं. द्वारकाबाईनं बाजारातून चहाच्या तीस गाळण्या आणल्या. भागामायनं एक गाळणी उलटीसुलटी करून पाहिली आणि ठेवून दिली. काही बोलली नाही. गप्प राहिली तेव्हाच ओळखायला हवं होतं.

दुपारी चारला घर बायकांनी भरलं. द्वारकाबाई आतून तिळाच्या लाडवांचं ताट घेऊन आली, आणि बघते तर जिन्याखालचे डबे उघडलेले, आणि भागामाय एकेकीच्या ओटीत तीन तीन उनवड्या घालतेय. प्रत्येकीला सांगतेय, गेल्या उन्हाळ्याचं ऊन आहे, लेकराबाळांना गरम पाणी कर. चेहरा असा, की मी तिला चाळीस वर्षं ओळखतो, पण तसा कधी पाहिला नव्हता.

"मला काय ठाऊक," भागामाय म्हणते. "वर डबे भरलेले दिसत होते. मला वाटलं, अजून ढीग आहे."

तेच तर. वरचे डबे भरलेले होते, भिजलेल्या वड्यांनी. तीस बायका, नव्वद वड्या. द्वारकाबाईच्या ताटातले लाडू एका बाजूला सरकले, तिनं ताट सरळ केलं आणि एकेकीला तिळगूळ देत गेली. बायका गेल्यावर डबे मोजले. कोरड्या तीस उरल्या होत्या. म्हणजे दहा दिवस. थंडी अजून महाशिवरात्रीपर्यंत होती, आणि शिवरात्रीला लोटन यायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा द्वारकाबाई ओट्यावर बसली होती. मी म्हणालो, त्यात काय, गल्लीतल्याच बायका आहेत, एकदा फिरून सांगितलं की आणून देतील. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी मीटर वाचायला सुरुवात केली.

"भाऊ, दिलेलं वाण मागतात का?" ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांनी तिचा हात वर होता. तो मी खाली करू?"

मग तिनं आपलं गरम पाणी बंद केलं. पुन्हा 'मला गारच आवडतं' सुरू झालं. एक मशीन विकायचं का, हे विचारायला ती आग्रा रोडवरच्या दुकानात जाऊन आली. पण दोन मशीनचं काम एका मशीनवर निघत नाही, आणि एका मशीनच्या कमाईवर तर पुढच्या थंडीआधीच घंटा वाजली असती. म्हणजे आज मशीन विकून भागामायला ठेवायची आणि उद्या त्याच पायी घालवायची. रात्रंदिवस तिच्या डोक्यात हेच चाललं होतं आणि सासूला तिनं पत्ता लागू दिला नव्हता.

पत्ता लागला तो असा. चौथ्या दिवशी पहाटे भागामाय म्हणाली, खालचे डबे जपून ठेव, आज वरचा एक काढ. द्वारकाबाई जिना चढली. वरचा डबा आणला. भागामायनं स्वतःच्या हातानं वडी ठेवली, पाणी ओतलं आणि बादलीत बोटं घालून बसली. पाणी गारच. अर्धा तास झाला, तरी गार. तिनं बोटं बाहेर काढली नाहीत. तिला सगळं कळलं होतं. मग म्हणाली:

"आजपासून मी अकराला आंघोळ करीन."

द्वारकाबाईनं जिन्याखालची कोरडी वडी आणली, डब्यातली जुनी काढून ही टाकली, वर पाणी ओतलं.

"अकराला म्हशी डुंबतात," ती म्हणाली. "उठा, पाणी तापतंय."

हे मी पाहिलेलं नाही. पण त्यानंतर दोघी एवढ्या मोठ्यानं भांडल्या की मला माझ्या घरी ऐकू आलं, आणि माझा जीव जरा खाली पडला.

आता चमत्कार ऐका. हाच भाग कुणाला खरा वाटत नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू एका दिवसात संपत नाही, रथसप्तमीपर्यंत चालतं, हे तुम्हाला मी काय सांगू. रोज एकीच्या घरी. आणि आलेल्या वाणाचं आपण काय करतो? खरं सांगा. साबणाची डबी आली, की ती वापरत नाही. कपाटात ठेवतो, आणि पुढं आपल्या घरी हळदीकुंकू असलं की हळूच दुसरीच्या ओटीत घालतो. माझ्या बायकोनं दिलेली एक प्लास्टिकची सुपली सहा वर्षांनी आमच्याच घरी परत आली होती, कडेवर तिच्याच हातचा नेलपॉलिशचा ठिपका घेऊन. शाळेत शिकवतात की ऊर्जा नष्ट होत नाही, फक्त रूप बदलते. तसंच वाण नष्ट होत नाही, फक्त घर बदलतं. या नियमाचं नाव हिलालचा नियम. गरुडबाईंनी मान्य केलंय.

पाचव्या दिवशी कासारांच्या रत्नप्रभाकडं हळदीकुंकू होतं. भागामाय काठी टेकत गेली आणि येताना पदरात तीन उनवड्या. दुसऱ्या दिवशी चौधरींकडून तीन. मग जिथं तिला चालवलं नाही, तिथून बायकांनी वाण घरपोच धाडलं, आणि ते आणायला मी होतो. मी फक्त हमाल. कधी सहा, कधी नऊ. जिन्याखालचे डबे पुन्हा भरत चालले. द्वारकाबाई रोज संध्याकाळी झाकणाला मेण लावायची आणि काही विचारायची नाही. आठव्या दिवशी तिनं पुन्हा गरम पाण्यानं आंघोळ केली. त्या दिवशी ती शिवता शिवता गुणगुणत होती, आणि मी रस्त्यात उभा राहून, उगाच, चपलेचा पट्टा नीट करत राहिलो.

शिवरात्रीला लोटन आला. आल्या आल्या मीटरपाशी गेला. मीटर अजून शिल्लक दाखवत होता. फार नाही, पण शिल्लक ती शिल्लक. त्यानं फोन काढून पाहिला, हिवाळाभरात एकही घंटा नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भागामायनं त्यालाच आधी आंघोळीला बसवलं. बाहेर आला तेव्हा कानामागं अजून साबण होता. मग म्हणाला, यातल्या दहा सुरतेला नेऊ का? भागामाय म्हणाली, तुमच्याकडं ऊन पडत नाही का, तुमचं तुम्ही वाळवा. संध्याकाळच्या गाडीला तो गेला. एकटाच. द्वारकाबाई त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेली आणि परत येऊन जी ओट्यावर बसली, ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. दमली होती म्हणे. मला तर ती विसाव्याला बसलेली दिसली.

या वयस्कर ताई मघापासून मान हलवतायत, नाही अशी. म्हणतात, साबणाची डबी फिरते हे ठीक. पण थंडीत हाताशी आलेली ऊब बायका अशी सोडतील का? गल्लीनं तर मे महिनाभर वड्या वाळताना पाहिल्या होत्या, त्यांना मोल ठाऊक होतं.

शंका रास्त आहे. पण सवयीपुढं मोल काय करणार? नव्वदच्या नव्वद आल्या, ताई. मी मोजल्यात. कासारांच्या तीन, चौधरींच्या तीन, जिजा वाघनं तर आपल्या तीन आणि जावेच्या तीन एकदमच दिल्या, बडगुजरांच्या नव्या सुनेनं वर फुलं ठेवून दिल्या. सगळ्यात शेवटी बेबी सोनवणेच्या. रथसप्तमीच्या आदल्या दिवशी तिच्याकडं हळदीकुंकू होतं, घर बायकांनी भरलेलं, पाय ठेवायला जागा नाही, आणि तिनं माझ्या हाती या घरासाठी वाण दिलं, त्यात शेवटच्या तीन वड्या.

भागामायनं कावळ्यावर उगारलेली काठी खाली घेतली. माझ्याकडं वळली नाही, वड्यांकडंच बघत होती.

"खोटं बोलतोस, हिलाल," ती म्हणाली. "बेबीचा सासरा संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी गेला. त्या घरात रथसप्तमीपर्यंत कुणी कुंकवाच्या करंड्याला हात लावला नाही. वाण कुठून देईल ती? तीसही दारं तूच वाजवलीस."

द्वारकाबाईचा हात वडीवर तसाच थांबला. मी म्हणालो, माय, ऊन फार झालं, खाली चला.

"ते मला केव्हाच कळलं होतं," भागामाय म्हणाली. "मला एवढंच सांग. बेबीच्या घरी गेलास, तो सांत्वनाला गेला होतास की वसुलीला?"